सोलापूरच्या जुन्या गावठाणातला एक बोळ कसा वाचावा, कसा नोंदवावा

उत्तर कसब्यातला माझ्या मावशीचा वाडा दोन वर्षांपूर्वी पाडला. आदल्या संध्याकाळी फोटो हवेत म्हणून घरातल्या सगळ्यांनी आपापले मोबाईल आणि जुने अल्बम धुंडाळले. साठ-सत्तर फोटो निघाले. बारसं, मुंज, लग्नाची वरात, दिवाळीचा किल्ला. प्रत्येकात माणसं, आणि त्यांच्या मागे ओसरीचा अर्धा खांब नाहीतर दाराची एक बाजू. पूर्ण वाडा एकाही फोटोत नव्हता. दार जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे गेलं, जोत्याचे दगड कुणाच्या तरी शेतातल्या बंगल्याच्या कुंपणाला लागले. खालच्या खोलीत पस्तीस वर्षं भाड्यानं राहिलेल्या अज्जी एवढंच म्हणाल्या, "त्या दारातनं बैलगाडी आत येत होती बघा." दाराची रुंदी कुणीच मोजून ठेवली नव्हती.

त्यानंतर आम्ही तिघा मित्रांनी दोन बोळ दारोदार फिरून नोंदवले. त्यातून हाताशी आलेली पद्धत खाली देतो आहे. वास्तुविशारद असण्याची गरज नाही. रविवारच्या सकाळी आणि चिकाटी असली की पुरे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. मूळ वाडा शोधत बसू नका. सोलापुरातलं जुनं घर जसं बांधलं तसं क्वचितच राहिलेलं असतं. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर गेलं, पत्रा आला. ओसरी बुजवून दुकान काढलं. चौकात मोरी आली, मग माग आला, मग माग जाऊन भाडेकरू आला. या बदलांचा क्रम लावता आला की तोच त्या घराचा इतिहास.

बोळ निवडताना

पंधरा ते वीस दारं पुष्कळ झाली. एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंतचा तुकडा घ्या. अख्खी पेठ घेतली तर काम अर्धवट राहतं, हे आम्ही पहिल्याच महिन्यात शिकलो.

निवडलेला तुकडा गावाच्या कुठल्या थरात बसतो ते आधी समजून घ्या. कसबा हा जुना गाभा. बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस, कुंभारवेस या नावांवरून गावाच्या तटाची रेघ मनात ओढता येते. गाव वाढायला लागलं तेव्हा 1872 च्या सुमारास नगरपालिकेनं पूर्वेचा तट आणि इतर बाजूंचे काही भाग पाडले. त्यामुळे वेशीजवळच्या बोळात एखाद्या घराची मागची भिंत विनाकारण जाड दिसली, तर ती तटाला टेकून उभी होती का हे जरूर तपासा. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी, म्हणून चाटी गल्लीत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरं. साखर पेठ, भवानी पेठेच्या अंगाला तेलुगु विणकरांची घरं, त्यांची ठेवणच वेगळी. रेल्वे 1860 मध्ये आली, जुनी गिरणी 1877 मध्ये सुरू झाली, आणि मुरारजी पेठेकडे कामगारांच्या चाळी उठल्या. रेल्वे लाईन्स भागात कुंपणातले बंगले. बोळ कुठला आहे त्यावर तुम्ही घरात काय शोधणार हे ठरतं.

मोजमाप

सामान थोडं लागतं: तीस मीटरचा फीत-टेप, चौकड्यांची वही, खडू, बॅटरी, ओळंबा. सकाळी साडेसहाला जा. दुकानांची शटर बंद असतात, गाड्या लागलेल्या नसतात आणि घराचा दर्शनी भाग अख्खा दिसतो.

दारांना स्वतःचे क्रमांक द्या. महापालिकेचे घर क्रमांक दोन-तीनदा बदललेले असतात, एकाच चौकटीवर तीन-तीन पत्र्याच्या पाट्या दिसतात. त्या तिन्ही उतरवून घ्या, पण तुमची मांडणी तुमच्या क्रमांकांवर ठेवा. मग प्रत्येक घराचे फोटो त्याच क्रमानं काढा: समोरून पूर्ण, जोतं, दार, उंबरठा, छपराची कड, आणि विजेच्या मीटरची फळी. मीटर मोजले की आत किती बिऱ्हाडं राहिली याचा चांगला अंदाज येतो.

घर मोजताना फुटांबरोबर खणही मोजा. दोन तुळयांमधलं किंवा दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. जुने लोक घराचा आकार खणांतच सांगतात: तीन खणी सोपा, पाच खणी वाडा. एखाद्या घराचे चार खण सारख्या मापाचे आणि पाचवा वेगळा निघाला, तर तो मागाहून जोडलेला किंवा शेजाऱ्याकडून विकत घेतलेला असण्याची शक्यता असते. दोन शेजारी घरांचे खण एकाच मापाचे आणि जोतंही सलग असेल, तर तो बहुधा भावांमध्ये वाटणी झालेला एकच वाडा. आमच्या पहिल्या बोळातल्या सात आणि आठ क्रमांकाच्या घरांचं नातं आम्हाला असंच कळलं. मधली भिंत ओसरीच्या एका खांबाला अर्धी गिळून उभी होती. सातव्या घरातून खांबाची एक बाजू दिसत होती, आठव्यातून दुसरी.

खालून वर वाचत जा

घर नेहमी पायापासून वाचावं, कारण खालचा थर सहसा सगळ्यात जुना असतो आणि तो बदलणं सगळ्यात महाग पडतं.

जोतं काळ्या दगडाचं असतं. घडीव, सांध्याला सांधा नीट बसवलेला दगड दर्शनी बाजूला आणि बाजूच्या बोळात ओबडधोबड दगड, ही काटकसर श्रीमंतांच्या वाड्यातही दिसते. वरची भिंत दोन-तीन फूट जाड असेल तर ती दगड-मातीची, नाहीतर गावठाणातल्या पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची, म्हणजे कच्च्या विटांची. गिलावा निखळला असेल तिथे नख लावून पाहा. माती सहज भुरभुरते. चुना पांढरट असतो आणि त्यात वाळूचे जाड कण दिसतात. करड्या सिमेंटवर नखाचा ओरखडाही उठत नाही. भारतात सिमेंटचं उत्पादन 1914 मध्ये पोरबंदरला धड सुरू झालं, त्यामुळे आपल्या पेठांतला सिमेंटचा सज्जा किंवा खांब बहुधा त्यानंतरचा धरायचा.

मग लाकूड. खांब कुठल्या तळखड्यावर, म्हणजे बुडाच्या दगडावर उभा आहे, तळखडा नक्षीचा आहे की नुसता चौकोनी दगड, खांब सुरूच्या आकाराचा आहे की सरळ चौकोनी, वरचे हस्त, म्हणजे तुळईला आधार देणारे लाकडी हात, कोरलेले आहेत का, हे पाहा. बाकीचे खांब नक्षीचे आणि एकच साधा असेल तर तो मागाहून बदललेला. दाराच्या कपाळपट्टीवर गणपती आहे की कमळ, की पानाफुलांची वेल, की काहीच नाही, तेही लिहा. दाराच्या आतल्या बाजूला भिंतीत हात घालून बघा. एका बाजूला खोल चौकोनी भोक असतं, त्यात अडसराचं लाकूड सरकवून ठेवायचे. दार मागाहून आत-बाहेर हलवलं असेल तर भोक आणि दार यांची रेषा जुळत नाही.

छप्पर हा सोलापुरी घराचा खरा विषय. आपल्याकडे पाऊस कमी, ऊन भयंकर आणि जंगल दूर. म्हणून उतरत्या कौलांऐवजी सपाट मातीचं माळवद. भिंतींवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर किलच म्हणजे फळकुटं नाहीतर काटक्या अगदी दाटीनं लावलेल्या, त्यावर पाला आणि त्यावर फूट-दीड फूट माती. सगळ्यात वर पाणी न झिरपणाऱ्या मातीचा थर, तो मृगाच्या आधी दरवर्षी नव्यानं टाकून चोपायचा. स्वयंपाकघराच्या वर धूर जायला आणि उजेड यायला सवणं, म्हणजे छपरातलं भोक ठेवलेलं असतं. मे महिन्यात अशा घरात शिरलं की पायाखालची जमीन गार लागते. पत्र्याच्या खोलीत राहून आलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

माळवद राहिलेलं नसलं तरी खुणा राहतात. बाहेरच्या भिंतीतून पाणी सोडायची दगडी पन्हळ बाहेर डोकावत असेल, तर त्या पातळीवर कधीतरी सपाट छप्पर होतं. भिंतीच्या आतल्या बाजूला ठरावीक अंतरावर बुजवलेले चौकोन दिसले तर त्या तुळयांच्या खोबणी. ही उंची मोजून लिहा. माडी मागाहून चढवली का, हे यावरूनच कळतं. माळवद कधी उतरवलं हेही विचारा. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर डोक्यावर माती नको, अशी धास्ती आपल्या भागात बसली. आमच्या दोन बोळांत मिळून पाच घरांनी त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत माळवद काढलं.

रेल्वेनं आणलेल्या वस्तू कालक्रम लावायला फार उपयोगी पडतात. लोहमार्ग 1871 पर्यंत शहाबादवरून पुढे रायचूरला पोचला आणि शहाबादी फरशी गाडीत भरून यायला लागली. मंगळुरी कौलांवर बहुधा कारखान्याचं नाव उठवलेलं असतं, फुटलेलं कौल सापडलं तर उलटं करून बघा. लोखंडी गर्डर असला तर बॅटरी आडवी धरून त्याच्या बाजूवरची अक्षरं वाचा. डॉर्मन लाँग लिहिलेलं असेल तर तो विलायतेतून आलेला. टाटा लिहिलं असेल तर 1912 नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलादाचं उत्पादन तेव्हा सुरू झालं. एका खोलीत सागवानी तुळई आणि शेजारच्या खोलीत गर्डर असेल, तर दोन खोल्यांचा क्रम जवळजवळ लागलाच. जवळजवळ म्हणतो, कारण जुनं लाकूड काढून दुसरीकडे वापरण्याची रीत आपल्याकडे पहिल्यापासून आहे. तुळईला विनाकारण खाचा आणि भोकं असतील तर ती दुसऱ्या घरातून आलेली समजा.

आत गेल्यावर

आत जायचं ते घरच्यांनी बोलावल्यावर, आणि देवघर-स्वयंपाकघरात विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. नकाशाची वही बाहेरच्या ओसरीवरच उघडा. माणसांना काय चाललंय ते दिसलं की आत बोलावणं आपोआप येतं.

व्यापारी किंवा इनामदार घराण्याच्या वाड्यात क्रम साधारण असा: दिंडीचं मोठं दार, ढेलज म्हणजे दारालगतची देवडी, चौक, सोपा, माजघर, देवघर, मागं परसात आड आणि न्हाणी. माजघराच्या जाड भिंतीत बळद, म्हणजे धान्याची कोठी असते. वरून धान्य ओतायचं, खालच्या लहान तोंडातून काढायचं. बळद सापडलं की घराचं शेतीशी नातं होतं हे कळतं, आणि गावाकडच्या जमिनीची गोष्ट विचारायला धागा मिळतो.

विणकराच्या घरात हे शोधू नका. तिथे लांबट खोली महत्त्वाची, कारण ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, पसरायला लांबी लागते. आणि जमीन बघा. साखर पेठेतल्या एका घरात आम्ही ताकाचा पेला हातात घेऊन बसलो होतो. घरच्या अक्कांनी उठून पायानं फरशी ठोकली. टक, टक, आणि मग एका ठिकाणी डब. फरशीखाली खड्डा होता. त्यांचे सासरे त्या खड्ड्यात पाय सोडून हातमागावर बसत. पायानं दाबायच्या पावड्या खाली, हातात आडवा धागा फेकायचा धोटा. हातमाग गेला, पॉवरलूम आला, त्याला खड्डा नको म्हणून वर शहाबादी फरशी टाकली. खड्डा भरला नाही, कारण सासऱ्यांना तो भरू द्यायचा नव्हता. लूमही पुढं गेला. त्याचे चार बोल्ट फरशीतून अजून वर आलेले आहेत, त्यावर अक्कांनी पाण्याच्या हंड्याचा स्टँड बसवला आहे. तीन पिढ्यांचं काम सहा फूट बाय चार फूट जागेत. आम्ही त्या जागेचं वेगळं चित्र काढलं, बोल्टांमधली अंतरंसुद्धा लिहून ठेवली. लूमच्या हादऱ्यांनी भिंतीला पडलेल्या तडाही बघा. त्या छपराकडून नव्हे, जमिनीकडून सुरू होतात.

भाडेकरूंच्या खोल्या कधीही सोडू नका. भाडेनियंत्रणाच्या 1947 च्या कायद्यानं भाडी गोठली, मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडवेना. कित्येक वाडे यामुळेच टिकले आणि यामुळेच पडले. दोन्ही बाजू ऐकून घ्या, निवाडा करू नका.

पाट्या आणि साल

कपाळपट्टी, पायरीचा दगड, आडाचा कठडा, माडीचं शिखर, या चार ठिकाणी साल कोरलेलं सापडतं. शके असेल तर 78 मिळवा: शके 1820 म्हणजे इसवी सन 1898, आणि साल पौषापुढच्या महिन्यांतलं असेल तर 79. फसली, म्हणजे महसुली कामातला सन असेल तर 590 किंवा 591 मिळवा. जुन्या मोडी कागदांत शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो, त्यात 599 किंवा 600. नुसता आकडा असेल तर घाई करू नका. 1345 हा शके असू शकत नाही, पण फसली असू शकतो.

सोलापुरात पाटी मराठीत असेलच असं नाही. कन्नड आणि तेलुगु दुरून सारख्या दिसतात. अक्षराच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी तिरकी शेपटी असेल तर तेलुगु, आडवी वळलेली रेघ असेल तर कन्नड. फोटो काढून वाचणाऱ्याला दाखवा, अंदाजानं उतरवू नका. आणि आकडे बांधकामाचेच असतात असं धरू नका. ते नूतनीकरणाचं साल असू शकतं किंवा कुणाच्या स्मृतीचं. दगडाचा पोत भोवतीच्या बांधकामाशी जुळतो का ते बघा.

कागद

कागदांकडे घरं बघून झाल्यावरच जा. प्रश्न ठरलेले असले की कागद बोलतो, नाहीतर नुसते गठ्ठे.

पहिला कागद मिळकत पत्रिका. सिटी सर्वे नंबर माहीत असेल तर ती इंटरनेटवरही मिळते. त्यावरच्या फेरफार नोंदी वरून खाली वाचा: खरेदी, वारस, वाटणी, गहाण, बोजा कमी. नगर भूमापन कार्यालयात जाऊन शीटचा नकाशा आणि मूळ चौकशीची नोंदवही मागा. भूमापनाच्या वेळी घर कुणाच्या ताब्यात होतं आणि कशाच्या आधारे, हे नोंदवहीत असतं. जुनं क्षेत्र चौरस वारांत असेल तर 0.836 नं गुणलं की चौरस मीटर येतात. क्षेत्र कमी झालेलं दिसलं तर रस्तारुंदीत दर्शनी भाग गेला का ते पाहा. एका कार्यालयात आम्हाला तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा आम्ही सगळे नंबर एका तक्त्यात लिहून नेले तेव्हा काम एका तासात झालं. तक्ता नेच.

दुसरा कागद खरेदीखत, आणि त्यातली सोन्याची ओळ म्हणजे चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचं घर, दक्षिणेस सरकारी बोळ, पश्चिमेस तमक्याचा पडका वाडा, उत्तरेस आड. एका घराचं खरेदीखत हे खरं तर चार घरांची नोंद असते. बोळातल्या पाच-सहा घरांची वेगवेगळ्या वर्षांची खतं मिळाली की चतुःसीमा एकमेकींशेजारी मांडा. एका खतात जिथे मोकळी जागा आहे तिथे पुढच्या खतात घर असेल, तर बांधकामाचं साल दोन तारखांच्या मध्ये पकडलं गेलं. आमच्या दुसऱ्या बोळातल्या अकरा क्रमांकाच्या घराकडे स्वतःचा एकही कागद नव्हता. शेजाऱ्यांच्या दोन खतांवरून ते 1911 आणि 1926 यांच्या दरम्यान बांधलं गेलं एवढं निश्चित झालं.

मोडी वाचणारा माणूस गाठा, किंवा स्वतः शिका. सहा महिन्यांत खरेदीखत वाचण्याइतकी मोडी येते. पेशवेकालीन इनाम किंवा वतनाचा संबंध निघाला तर पुण्याचं पुराभिलेखागार. गावाच्या एकूण चित्रासाठी 1884 चं सोलापूर जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर वाचा, पण तुमच्या बोळाबद्दल त्यात काही सापडेल ही अपेक्षा ठेवू नका.

माणसं

कोणत्या साली, असा प्रश्न विचारू नका. साल कुणालाच आठवत नाही, प्रसंग आठवतो. मार्शल लॉच्या वेळी हे दार होतं का, असं 1930 बद्दल आजोबा-पणजोबांच्या ऐकीव गोष्टींतून विचारता येतं. 1948 ला हैदराबादवर फौजा सोलापुरातूनच पुढे गेल्या, त्या वर्षी कुणाकडे पाहुणे येऊन राहिले होते? 1972 च्या दुष्काळात आडाला पाणी होतं का? आणि कसब्यात सगळ्यात चांगला प्रश्न गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या यात्रेचा. नंदीध्वजांच्या, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांच्या मिरवणुकीत काठी कुणाच्या दारात थांबायची, आरती कोण करायचं, त्या वेळी ओट्याची कड कुठपर्यंत होती? इतक्या उंच काठीला वाट करून द्यायची म्हणजे सज्जे, तारा, पागोळ्या यांचा हिशोब लागतो, म्हणून मार्गावरच्या लोकांना रस्त्याचा प्रत्येक बदल आठवतो.

ज्याच्या घरात जी भाषा, ती बोलणारा सोबती न्या. अज्जींनी मराठीत दोन वाक्यांत उरकलेली गोष्ट कन्नडमध्ये पाऊण तास चालली. आवाज रेकॉर्ड करायचा तर आधी विचारा. वारसांचे तंटे ऐकू येतील, ते वहीत उतरवू नका. तिजोरीची खोली, मागचं दार असलं काही नकाशात दाखवून बाहेर देऊ नका.

लिहून काढताना

प्रत्येक घराला दोन पानं. एका पानावर नकाशा, दुसऱ्यावर बदलांचा क्रम. प्रत्येक विधानापुढे चारपैकी एक खूण करा: पाहिलं, कागदात वाचलं, ऐकलं, अंदाज. ही सवय कंटाळवाणी वाटते, पण पुढच्या माणसाला तुमचं चुकलेलं दुरुस्त करता येतं ते यामुळेच. घराण्याची थोरवी लिहायचा मोह होतो. भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर स्मारक म्हणून जपलं गेलं आणि ते योग्यच झालं, पण तुमच्या बोळात कुणी कोटणीस जन्मला नसला तरी त्याची दोन पानं तितकीच नीट लिहा.

झालेल्या कामाची एक प्रत त्या-त्या घराला द्या, कागदावर छापून. शेवटी अर्धं पान कोरं ठेवा, तारीख घालून पुढचा बदल लिहायला.

मावशीच्या वाड्याचं पान आम्ही सगळ्यात शेवटी केलं. जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे दार अजून भिंतीला टेकून उभं होतं, गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. टेप लावला. चौकटीच्या आतली रुंदी 6 फूट 5 इंच. पण उंबरठा आड येणार, मग गाडी शिरणार कशी? खाली बसून बॅटरी लावली. चौकटीच्या दोन्ही पायांना आतल्या अंगानं उभी खाच होती, वापरून गुळगुळीत झालेली. उंबरठा वरून खाचेत सोडायचा आणि गाडी आली की उचलून बाजूला ठेवायचा. अज्जींच्या वाक्यापुढची 'ऐकलं' ही खूण खोडली आणि 'पाहिलं' लिहिलं.